आइस मेकर घरच्या घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की हे प्रश्न यायला लागतात आणि गणपतीपर्यंत थांबत नाहीत. एकच उत्तर दहा जणांना पाठवण्यापेक्षा सगळी इथे एकत्र केली आहेत. मी मेकॅनिक नाही. गेली काही वर्षं घरचा, भावाचा आणि बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांचा फ्रीज उघडून बसलेला माणूस आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: मुंबईत आइस मेकर रुसतो तेव्हा आधी पाण्याकडे बघावं, मशीनकडे नंतर.

१. फ्रीज घेताना दुकानदार म्हणाला होता, ‘यात आइस मेकर आहे’. पण तो नेमका कुठला, हे कसं ओळखायचं?

या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तू खपतात. पहिला हाताने फिरवायचा ट्विस्टर. त्यात वर दोन ट्रे, बाजूला खिटी आणि खाली डबा असतो. बहुतेक डबल डोअर फ्रीजमध्ये हाच असतो आणि त्यात वीज नसते (प्रश्न १२). दुसरा टाकीवाला. फ्रीजच्या कप्प्यातली छोटी टाकी आपण भरायची आणि छोटा पंप पाणी ट्रेमध्ये चढवतो. तिसरा थेट नळाला जोडलेला. फ्रीज पुढे ओढून बघा, मागून पाव इंची प्लॅस्टिकची नळी आत गेलेली दिसली तर तो हा.

नळाच्या जोडणीतही दोन पोटजाती आहेत. एकीत धातूचा साचा असतो, हीटर तो किंचित तापवतो आणि फिरणारी बोटं बर्फ बाहेर ढकलतात. दुसरीत प्लॅस्टिकचा ट्रे मोटरने उलटा होऊन पिळला जातो. सध्याच्या साइड बाय साइडमध्ये बहुधा ही दुसरी जात सापडते.

२. बर्फ पडायचा थांबला. बिघाड आहे, की काहीतरी बंद पडलंय?

पॅनेलवर ‘आइस ऑफ’चा दिवा लागलाय का ते आधी बघा. हसू नका. मला आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटल्या आहेत. फडक्याने पॅनेल पुसताना किंवा मुलांच्या हातून ते बटण दाबलं जातं. तारेचा दांडा असलेल्या मॉडेलमध्ये दांडा वर अडकला असेल तर मशीन बंद, खाली असेल तर चालू.

मग फ्रीझरचं तापमान. ते उणे १८ अंश सेल्सिअस हवं. ट्रे साधारण उणे १० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय मशीन बर्फ सोडत नाही, त्यामुळे फ्रीझर उणे ८ वर घुटमळत असेल तर आइस मेकर निर्दोष असूनही काही करणार नाही. अशा वेळी आधी दाराचं रबर तपासा. कागद दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज निघाला तर तिथून पावसाळी हवा आत जातेय.

नवा किंवा जागा बदललेला फ्रीज असेल तर पूर्ण २४ तास थांबा.

३. उघडण्याआधी काय काळजी घ्यायची? हाताशी काय ठेवायचं?

प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करायचा नाही, कारण जुन्या वायरिंगच्या घरांत स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, याची खात्री नसते. मग अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ, ज्यातून फ्रीजच्या नळीला पाणी मिळतं) बंद करायचा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली जुनी चादर. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मापाचा पेला, बादली, हेअर ड्रायर आणि साधा मल्टिमीटर (वीज तपासायचं मीटर) पुरे. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो.

सुरी आणि पेचकस बर्फावर चालवायचा नाही, ही गोष्ट मी अनुभवाने सांगतोय. कॉलेजात असताना आईच्या जुन्या सिंगल डोअरचा बर्फ मी सुरीने खरवडला होता. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्या फ्रीजचं आयुष्य तिथेच संपलं. आजच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो आणि तो ज्वलनशील आहे. मागच्या किंवा कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं. चुकून गॅसची नळी फुटलीच तर खिडक्या उघडा, शेगडी विझवा, कुठल्याही स्विचला हात लावू नका आणि बाहेर या. तिथून पुढचं काम मेकॅनिकचं.

४. ट्रे कोरडा ठणठणीत आहे, पाणी येतच नाही. कुठून सुरुवात करू?

नळापासून आत, याच क्रमाने. उलटं केलंत तर सगळं खोलून झाल्यावर कळेल की अँगल कॉकच बंद होता.

कॉक उघडा आहे ना ते बघा. मग नळीचा माग काढा. फ्रीज भिंतीकडे ढकलताना नळी दुमडते, आणि आपल्या स्वयंपाकघरांत फ्रीजच्या मागे चार बोटंही जागा नसते, त्यामुळे हे फार होतं. दुमडलेली नळी सरळ केली तरी त्या जागी पुन्हा मोडते, म्हणून बदलाच. आरओ प्युरिफायरला लागते तीच पाव इंची नळी, कुठल्याही आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात मीटरवर मिळते. ती तिरकी नको, काटकोनात कापा. तिरकी कापलेली नळी कनेक्टरमध्ये ठिबकते.

पुढे फिल्टर. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. आपण तो फ्रीजबरोबर जन्मल्यासारखा वर्षानुवर्षं तसाच ठेवतो. मागे लावायच्या फिल्टरवर बाण असतो, पाणी त्याच दिशेने जायला हवं. प्लंबरने उलटा बसवलेला फिल्टर मी दोनदा पाहिलाय.

आता खरी चाचणी. फ्रीजला जोडलेलं टोक काढा, पेल्यात धरा आणि कॉक उघडून एक मिनिट पाणी मोजा. साध्या मशीनचा वॉल्व्ह (पाणी सोडणारी विजेवरची झडप) पाच-सात सेकंदच उघडतो आणि तेवढ्यात शंभरेक मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे मिनिटाला लिटरभर तरी हवंच, आणि आतला वॉल्व्ह व फिल्टर ओलांडायचा असल्याने दीड-दोन लिटर मिळालं तरच मी निश्चिंत होतो. कमी आलं तर प्रश्न ५. भरपूर येऊनही ट्रे कोरडा असेल तर नळी गोठलीय (प्रश्न ७) किंवा वॉल्व्ह गेलाय (प्रश्न ११).

५. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या वहिनींकडे तोच फ्रीज मस्त बर्फ देतो, आमचा रडतो. असं का?

तुमच्या डोक्यावरच टाकी आहे, म्हणून. बाहेरून आलेल्यांना हे उलटं वाटतं, पण हिशेब सोपा आहे. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेत येतं, तळच्या टाकीत साठतं, पंपाने गच्चीवर जातं आणि तिथून स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार, म्हणजे १४ पीएसआय दाब मिळतो (बार आणि पीएसआय ही दाब मोजायची एककं). बऱ्याच फ्रीजच्या पुस्तिकेत किमान २० पीएसआय लिहिलेलं असतं, काहींत ३०. २० साठी टाकी आणि तुमचा फ्रीज यांच्यात १४ मीटर अंतर हवं. एक मजला तीन मीटरचा धरला तर टाकीखालचे चार-पाच मजले या हिशेबातून बाहेर पडतात. सगळ्यात वरच्या घरात पाच पीएसआयही मुश्किलीने मिळतो. नळाखाली भांडी घासायला तो पुरतो, फ्रीजच्या विजेवरच्या (सोलेनॉइड) वॉल्व्हला नाही.

यातली वाईट गोष्ट अशी की कमी दाबाने नुसतं पाणी कमी येत नाही. हे वॉल्व्ह पाण्याच्याच दाबाने घट्ट मिटतात. दाब नसला की ते अर्धवट मिटून थेंब थेंब गळत राहतात, तो थेंब नळीत गोठतो, आणि तुम्ही ‘नळी गोठते’ म्हणून मला लिहिता. रोग एकच, लक्षणं दोन.

उपाय: स्वयंपाकघराच्या लाइनवर, टाकीतून उतरणाऱ्या पाण्यावर, छोटा प्रेशर पंप. सोसायटीला कळवून आणि चांगल्या प्लंबरकडून. महापालिकेच्या जोडणीवर थेट पंप लावायला परवानगी नाही, त्या वाटेला जाऊ नका. ज्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांसाठी आधीच प्रेशर पंप बसवलेला असतो, तिथे ही तक्रार नसते. पण तो पंप बंद पडला की सगळ्यांचे आइस मेकर एकाच आठवड्यात ‘बिघडतात’. शेजाऱ्याला विचारून मगच स्क्रू ड्रायव्हर काढा.

६. आम्ही फ्रीज आरओच्या नळाला जोडलाय. शुद्ध पाण्याचा बर्फ हवा होता, पण जेमतेम पापुद्र्यासारखे तुकडे येतात.

आपल्याकडचे भिंतीवरचे आरओ शुद्ध पाणी आतल्या सात-दहा लिटरच्या टाकीत साठवतात आणि ते नळातून नुसतं ओघळतं. दाब असा नसतोच. आतला पंप गाळणीच्या पडद्यातून पाणी ढकलायला असतो, तुमच्या फ्रीजपर्यंत पोचवायला नाही. तिथून जोडायचंच असेल तर वेगळा डिलिव्हरी पंप आणि छोटी दाबटाकी लागते.

माझं मत विचाराल तर खर्च कशाला? मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं. ते क्षारांनी हलकं असतं आणि शुद्ध करूनच येतं. टाकी स्वच्छ असेल तर फ्रीजचा कार्बन फिल्टर पुरतो. टँकर किंवा बोअरवेल मिसळणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी.

७. ट्रेमध्ये पाणी सोडणारी नळी पुन्हा पुन्हा गोठते. दर वेळी हेअर ड्रायर मारत बसू का?

मोकळी करायला हेअर ड्रायर ठीक आहे. प्लग काढून, कमी उष्णतेवर, हात हलता ठेवून आणि प्लॅस्टिकपासून वीतभर लांबून. इंजेक्शनच्या सिरिंजने नळीच्या तोंडाशी कोमट पाणी मारलं तर काम आणखी लवकर होतं. उकळतं नको, ट्रे आणि अस्तर तडकतं.

पण पुन्हा गोठते म्हणजे वॉल्व्ह गळतोय. मोकळी केल्यावर आइस मेकर बंद ठेवा, नळीखाली कोरडी वाटी ठेवा आणि तीन-चार तासांनी बघा. पाण्याचा मागमूसही असता कामा नये. वाटी ओली किंवा त्यात बर्फाचा मणी असेल तर एक तर दाब कमी आहे (प्रश्न ५) किंवा वॉल्व्हच्या सीटवर कचरा बसलाय. दाब चांगला असेल तर वॉल्व्ह बदला.

काही मॉडेलमध्ये बर्फाची खोली वरच्या, थंड पण न गोठणाऱ्या कप्प्यात असते. तिथे खोलीच्या फटींतून दमट हवा आत शिरते आणि सगळं युनिटच बर्फात गाडलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये अशा तक्रारी नेमाने येतात. तिथे वॉल्व्हचा दोष नसतो, खोलीचं सीलिंग नीट करून घ्यावं लागतं.

८. पाणी भरतं, बर्फ होतो, पण ट्रे फिरतच नाही. नुसती घरघर ऐकू येते.

युनिटच्या पुढच्या किंवा खालच्या बाजूला बारीकसं टेस्ट बटण असतं. डबा जागेवर ठेवून ते तीन-चार सेकंद दाबा. ट्रे उलटा होऊन परत आला आणि मग पाणी सुटलं, तर मोटर आणि वॉल्व्ह दोन्ही जिवंत आहेत. दोष मग ट्रेखालच्या तापमान सेन्सरकडे. बर्फ गोठलाय हे मशीनला कळतच नाही.

घरघर करून थांबला तर ट्रे काढून बघा. वर्षानुवर्षं पिळून प्लॅस्टिकला बारीक चिरा जातात, त्यात पाणी शिरतं, बर्फ चिकटतो. चिरलेला ट्रे मिळत असेल तर तेवढाच बदला. ट्रे धड असूनही घरघर असेल तर आतल्या गिअरचे दात झिजलेत. गिअर सुटा शोधण्यात दोन रविवार घालवू नका, पूर्ण युनिट बदला (प्रश्न ११).

काहीच आवाज नाही? तर कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवा. दमट हवेने त्याच्या पिना हिरव्या पडतात.

९. डबा अर्धाच भरतो आणि मशीन थांबतं. भरला असं त्याला का वाटतं?

दांड्याच्या मॉडेलमध्ये एखादा तुकडा दांड्याखाली अडकलेला असतो. सेन्सरच्या मॉडेलमध्ये दोन बाजूंना समोरासमोर ‘डोळे’ असतात आणि एकातून निघालेला अदृश्य किरण दुसऱ्याला पोचायला लागतो. डोळ्यावर हिम साचलं की मशीन समजतं मध्ये बर्फ आहे. मऊ कोरड्या कापडाने पुसा. डबा पूर्ण आत ढकललाय ना तेही बघा. भाजीची पिशवी मध्ये आली असेल तर ती काढा.

१०. बर्फाला वास येतो. सरबतात टाकला की पाहुणे तोंड वाकडं करतात. यात मशीनचा दोष आहे का?

फ्रीझरमध्ये बोंबील किंवा सोडे आहेत का? मग मशीनला बोल लावू नका. बर्फ आजूबाजूचा वास धरून ठेवतो, आणि डब्यात पंधरा दिवस पडलेला बर्फ सगळ्यात जास्त. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जुना बर्फ फेका, डबा खाण्याच्या सोड्याने धुऊन कोरडा करा. नवा फिल्टर लावला की पहिले तीन घाणे टाकून द्या.

बर्फ मधोमध पांढरा असेल तर ती विरघळलेली हवा आणि क्षार, अपाय काही नाही. पेल्याच्या तळाशी पांढरे कण उतरत असतील तर पाणी जड आहे, सोसायटीत टँकर आलाय का विचारा. तुकडे पोकळ असतील तर पाणी कमी पडतंय (प्रश्न ४) किंवा सेन्सर सैल होऊन मशीन घाई करतंय (प्रश्न ८). सगळ्या तुकड्यांचा एकच ढेकूळ होत असेल तर बर्फ वापरलाच जात नाहीये. दोन दिवसांनी डबा हलवत जा.

११. वॉल्व्ह किंवा पूर्ण युनिट स्वतः बदलता येईल का? सुटे भाग कुठे मिळतील?

येईल. मुळात या दुरुस्तीचा हा सगळ्यात सरळ भाग आहे, लोक उगाच घाबरतात.

वॉल्व्ह फ्रीजच्या मागे खालच्या पत्र्याआड असतो. दोन-तीन स्क्रू, एक-दोन नळ्या, एक कनेक्टर. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. प्लग काढून, कनेक्टर सोडवून, मल्टिमीटरने कॉइलच्या (वॉल्व्ह उघडणारं तारेचं वेटोळं) दोन टोकांतला रोध मोजा. काहीतरी आकडा दाखवला तर कॉइल शाबूत आहे, मीटर हललाच नाही तर ती जळाली. नवा वॉल्व्ह घेताना व्होल्टेज वाचा. काही १२ व्होल्ट डीसीवर चालतात, काही थेट २३० वर. दिसायला भावंडं, पण एकाच्या जागी दुसरा लावला तर जळतो.

पूर्ण युनिट फ्रीझरच्या छताला किंवा भिंतीला दोन-तीन स्क्रूंवर अडकवलेलं असतं. खालून हाताने धरूनच शेवटचा स्क्रू काढा, नाहीतर ते वायरवर लोंबकळतं.

सुटा भाग मागताना फ्रीजचं नाव सांगू नका, आतल्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या, शेवटच्या अक्षरांसकट. कंपनीच्या सेवा केंद्रात आधी विचारा. कनेक्टर आणि कॉक नागदेवी स्ट्रीटला किंवा जवळच्या प्लंबिंगच्या दुकानात. जोडणी झाल्यावर कॉक उघडून अर्धा तास फ्रीज पुढेच ठेवा आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर लावून बघा.

वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीही करू नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१२. आमचा साधा हाताचा ट्विस्टर आहे. खिटी फिरवली आणि ‘कट्’ करून तुटली.

पाणी काठोकाठ भरलं होतं ना? खाचांच्या वर पाणी गेलं की सगळे तुकडे एकमेकांना जोडून एक फरशी होते, आणि ती पिळताना खिटीच हरते. अख्खी चौकट खोबणीतून पुढे ओढली की बाहेर येते. तुटलेल्या खिटीला गोंद लावू नका, थंडीत टिकत नाही, शिवाय तो खाण्याच्या बर्फाजवळ नको. नवा ट्रे मिळेपर्यंत जुना नळाखाली धरून मोकळा करा. पुढच्या वेळी खाच पाऊण भरा.

१३. सोसायटीने टाक्या साफ केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बर्फ बंद. योगायोग?

नाही. साफसफाईनंतर पाइपात तळचा गाळ ढवळतो आणि हवा शिरते. गाळ फिल्टरमध्ये आणि वॉल्व्हच्या बारीक जाळीत जाऊन बसतो. पाणीकपातीत टाकी तळाला गेली की हेच. जिन्यात नोटीस लागली की आदल्या रात्री फ्रीजचा अँगल कॉक बंद करा. नंतर आधी सिंकचा नळ पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, मग फ्रीजच्या नळीचं टोक काढून बादलीत दोन मिनिटं वाहू द्या आणि मगच जोडा. उशीर झाला असेल तर वॉल्व्हच्या तोंडाशी असलेली जाळी चिमट्याने काढून धुवा, फिल्टर बदला.

१४. गणपतीला पंधरा दिवस गावी जातोय. फ्रीज चालू ठेवला तर आइस मेकरचं काय करू?

आइस ऑफ, कॉक बंद, डबा रिकामा. नळीचा एखादा सांधा बंद घरात सुटला तर पाणी खालच्यांच्या छतातून उतरतं, आणि तो वाद पुढच्या वार्षिक सभेपर्यंत पुरतो.

१५. मुलाने अमेरिकेहून परतताना तिथला फ्रीज आणला. ट्रान्सफॉर्मर लावलाय, बाकी सगळं चालतं, पण आइस मेकर पाणी ओसंडून सांडतो. वॉल्व्ह बदलला तरी तेच.

हा या यादीतला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करतो, पण तिथली वीज ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनं) आणि आपली ५०. ते तो बदलू शकत नाही. जुन्या धाटणीच्या धातूच्या साच्याच्या आइस मेकरमध्ये वेळ मोजायला इलेक्ट्रॉनिक्स नसतं. एक छोटी मोटर चकती फिरवते, आणि चकती एका ठरावीक टप्प्यातून जाईपर्यंत वॉल्व्ह उघडा राहतो. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. ५० वर ती सहा पावलांच्या जागी पाच टाकते, म्हणून साडेसात सेकंदांचं भरणं नऊ सेकंदांवर जातं. दाब चांगला असेल तर तेवढ्यात साचा वाहतो.

प्लग काढा, आइस मेकरच्या पुढचं प्लॅस्टिकचं झाकण उघडा. आत एक छोटा स्क्रू असतो, बाजूला अधिक आणि उणे अशा खुणा. उण्याकडे अर्धा फेरा द्या, झाकण लावा, एक घाणा पडू द्या. अजून जास्त असेल तर आणखी थोडा. एकदम पूर्ण फिरवू नका, नाहीतर पुढचा निरोप ‘तुकडे पोकळ येतात’ असा असेल.